‘दोवे?’ विचारता येतं, पण उत्तराचं काय? इटलीत पत्ता विचारायला शिकताना

बोलोन्याच्या स्टेशनाबाहेर दोन बॅगा घेऊन उभी होते तेव्हा मला इटालियनचं एकच वाक्य अस्खलित येत होतं: ‘स्कूझी, दोवे वीआ झाम्बोनी?’ म्हणजे ‘माफ करा, वीआ झाम्बोनी कुठे आहे?’ विद्यापीठाच्या बऱ्याच इमारती याच रस्त्यावर आहेत. विमानात ते मी शंभर वेळा घोकलं असेल. एका आजोबांना विचारलं आणि वाक्य इतकं छान जमलं की त्यांना वाटलं, मुलीला भाषा येते. ते दोन्ही हात हलवत मिनिटभर बोलले. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. ‘ग्रात्सिए’, म्हणजे धन्यवाद, म्हणून हात दिसला त्या दिशेला चालू लागले आणि पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारलं.

त्या दिवशी पाच जणांना विचारून पोहोचले. नवख्या माणसाने प्रश्न एकदा पाठ करावा आणि उरलेला सगळा वेळ उत्तराच्या तयारीला द्यावा, हे तेव्हाच कळलं. भाषा शिकवणारे अ‍ॅपवाले नेमकं उलटं करतात. शिकायला किंवा नोकरीला इटलीत येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात जेवढं लागतं, तेवढंच खाली लिहिलं आहे.

सोबत काय ठेवायचं

- जिथे जायचं तिथला पूर्ण पत्ता, कागदावर, घराच्या नंबरासकट. या नंबराला ‘नूमेरो चीविको’ म्हणतात. उच्चार फसला की कागद पुढे करायचा.
- फोनमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा, जो नेटशिवाय चालेल. जुन्या गावांतल्या अरुंद गल्ल्यांत जीपीएसचा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो, त्यामुळे नकाशा असूनही विचारावं लागतंच.
- एक-दोन युरोची नाणी. का, ते सातव्या पायरीत कळेल.
- छोटी वही. ऐकलेला नवा शब्द देवनागरीत लगेच टिपायचा. रोमन लिपीत टिपलात तर संध्याकाळी तो इंग्रजीसारखा वाचाल आणि चुकाल.

१. आधी उच्चार, कारण इथे आपण पुढे आहोत

इंग्रजी बोलणाऱ्यांना इटालियन ‘त’ आणि ‘द’ जमवायला मेहनत पडते. आपल्याकडे ते जन्मापासून आहेत. ‘देस्त्रा’ म्हणा, ‘डेस्ट्रा’ नको. जोडाक्षरावर थांबणंही आपल्याला येतं. ‘पका’ आणि ‘पक्का’ यांत जो फरक आहे, तोच इटालियनमध्ये एकेरी आणि दुहेरी व्यंजनात आहे, आणि तिथे तो न पाळल्यास अर्थ बदलू शकतो.

आणखी एक गंमत म्हणजे मराठीतले दोन ‘च’. ‘चहा’तला वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. इटालियनलाही हे दोन्ही लागतात. ‘चे’ म्हणजे ‘आहे’, तो चहाचा च. ‘प्यात्सा’ म्हणजे चौक, त्यातला ‘त्स’ हा आपला चमच्याचा च, जरा दाबून. हिंदीवाल्या मैत्रिणीला हे समजावताना मला घाम फुटला होता.

पाट्या वाचताना एवढं लक्षात ठेवा. सी या अक्षरापुढे ई किंवा आय आलं तर ‘च’. मध्ये एच आलं तर ‘क’. त्यामुळे फार्मसीची पाटी ‘फार्माचीआ’ वाचायची आणि चर्चची ‘क्येझा’. जी आणि एन एकत्र आले की ‘न्य’: बोलोन्या, बान्यो (म्हणजे टॉयलेट).

२. माणूस थांबवायचा कसा

अनोळखी माणसाला ‘स्कूझी’ म्हणायचं, ‘स्कूझा’ नाही. हा आपल्या ‘अहो’ आणि ‘अरे’ मधला फरक आहे. तुमच्या वयाच्या विद्यार्थ्याला ‘स्कूझा’ चालतं, आजींना चालत नाही. आधी ‘बोंजोर्नो’, दुपार कलली की ‘बोनासेरा’, आणि मग प्रश्न. अभिवादन न करता थेट ‘दोवे’ म्हणणं म्हणजे वाड्यात शिरून ‘ओ, पाणी कुठंय’ विचारण्यासारखं आहे.

गर्दीतून वाट काढायची असेल तेव्हा ‘स्कूझी’ऐवजी ‘पेर्मेस्सो’ म्हणा.

विचारायचं कुणाला? कुत्रं फिरवायला निघालेली माणसं सर्वांत उत्तम. त्यांना घाई नसते आणि परिसर पाठ असतो. त्यानंतर ‘एदीकोला’ म्हणजे वर्तमानपत्रांचा ठेला, हिरव्या क्रॉसची फार्मसी आणि बार. इथला बार म्हणजे सकाळी कॉफी प्यायची जागा. आपल्याकडचा बार डोळ्यांसमोर आणून बिचकू नका. मी पहिला आठवडाभर बिचकले.

३. दोन प्रश्न, आणि दोघांत गल्लत नको

ठरावीक, ओळखीची एकच जागा विचारायची असेल तर:

- ‘स्कूझी, दोवे ला स्तात्सिओने?’ स्टेशन कुठे आहे?
- ‘स्कूझी, सा दोवे ला फेर्माता?’ बसथांबा कुठे आहे, माहीत आहे का? हे ‘सा’ लावलं की विचारणं मऊ होतं. मला हेच सगळ्यात आवडतं.

जवळपास एखादी तशी जागा आहे का, हे विचारायचं असेल तर:

- ‘चे ऊना फार्माचीआ क्वी वीचीनो?’ इथे जवळ एखादी फार्मसी आहे का?
- ‘चे उन बांकोमात क्वी वीचीनो?’ एखादं एटीएम?

मराठीत आपण हा फरक न शिकता पाळतो. ‘शनिवारवाडा कुठे आहे?’ म्हणतो, पण ‘इथे एखादं झेरॉक्सचं दुकान आहे का?’ असं विचारतो. तीच सवय इथे वापरा.

एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर ‘दोवे’चं ‘दोवे सोनो’ होतं आणि ‘चे’चं ‘ची सोनो’, अगदी आहे-आहेत सारखं. फक्त ‘सोनो’ म्हणजे ‘मी आहे’ असंही होतं. पुढे काही न जोडता नुसतं ‘दोवे सोनो?’ म्हणालात तर ‘मी कुठे आहे?’ असा अर्थ निघतो. हरवलेल्या माणसाला तोही प्रश्न उपयोगी पडतो म्हणा.

जोर कुठे द्यायचा तेही पाहा. ‘कुठे आहे’ मध्ये ‘दोवे’च्या ‘वे’वर जोर येतो. नुसत्या ‘कुठे’ला जोर ‘दो’वर.

आणि सगळंच विसरलात तर नुसतं ‘स्कूझी, पेर ला स्तात्सिओने?’ म्हणा. ‘स्टेशनाकडे…?’ एवढंच. स्थानिक माणसंही असंच विचारतात आणि यात क्रियापदाची भानगड नाही.

४. नावाआधीचं शेपूट

इटालियन नामाच्या आधी एक छोटा शब्द लागतो: पुल्लिंगी असेल तर ‘इल’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ला’, स्वराने सुरू होत असेल तर नुसता ‘ल’ चिकटतो. इल बान्यो, ला फेर्माता, लोस्पेदाले म्हणजे हॉस्पिटल, लूशीता म्हणजे बाहेर जायचा रस्ता. काही पुल्लिंगी शब्दांना ‘इल’ऐवजी ‘लो’ लागतो: लो स्पोर्तेल्लो, म्हणजे ऑफिसातली खिडकी. जिथे तुम्ही पहिले दोन महिने उभे असाल.

आपल्याकडे लिंग तीन, तिथे दोन, आणि मराठीतलं लिंग उचलून नेता येत नाही. आपली बस ती, त्यांचा आउतोबुस तो. आपला रस्ता तो, त्यांची स्त्रादा ती. त्यामुळे शब्द शिकाल तो शेपटासकट शिका: ‘स्त्रादा’ नाही, ‘ला स्त्रादा’. तरी चुकलात तर काही बिघडत नाही. ‘इल स्तात्सिओने’ म्हटलं म्हणून कुणी तुम्हाला स्टेशन दाखवायचं थांबत नाही. मी वर्षभर चुकत होते.

५. उत्तर पकडायचं: खरा अभ्यास इथे आहे

रस्ता सांगणारा माणूस शंभर शब्द बोलतो, त्यातले कामाचे सहा-सात असतात. ते आधीच कानात बसलेले असले की बाकीचं वाहून गेलं तरी चालतं.

- आ देस्त्रा: उजवीकडे. ‘देस्त्रा’ आणि आपला ‘दक्षिण’ हे दूरचे भाऊ आहेत. दक्षिण म्हणजे मुळात उजवा. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो, ते आठवा.
- आ सिनीस्त्रा: डावीकडे.
- द्रीत्तो: सरळ. बहुधा ‘सेंप्रे द्रीत्तो’ असं येतं, म्हणजे सरळच सरळ.
- इन फोन्दो: शेवटी, टोकाला.
- दोपो: नंतर. प्रीमा दी: च्या आधी. फीनो आ: पर्यंत.
- दिएत्रो: मागे. दी फ्रोन्ते आ: समोर. आक्कान्तो आ: शेजारी.
- इल सेमाफोरो: सिग्नल. लिंक्रोचो: चौफुला. इल पोन्ते: पूल. ला रोतोन्दा: गोल चौक.
- ला प्रीमा, ला सेकोन्दा: पहिली गल्ली, दुसरी गल्ली. ‘गल्ली’ हा शब्द उच्चारतच नाहीत. नुसतं ‘ला सेकोन्दा आ देस्त्रा’ म्हणतात.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे देस्त्रा आणि द्रीत्तो. भरभर बोलण्यात दोन्ही ‘द…त’ असे ऐकू येतात आणि उजवीकडे वळायच्या ऐवजी तुम्ही किलोमीटरभर सरळ जाता. शेवटी ‘आ’ आला का ‘ओ’, ते ऐका. त्याहून सोपं म्हणजे हात बघा. इटलीत हात कधी खोटं बोलत नाहीत, तोंड मात्र कधीकधी डावं-उजवं उलटं सांगतं.

क्रियापदं चारच पुरतात: ‘वादा’ जा, ‘जीरी’ वळा, ‘प्रेंदा’ (ती गल्ली) घ्या, ‘आत्त्रावेर्सी’ ओलांडा. ही आदरार्थी रूपं झाली. तरुण मंडळी ‘वाई, जीरा, प्रेंदी, आत्त्रावेर्सा’ म्हणतील. वळा आणि वळ, एवढाच फरक. पुस्तकात एक आणि रस्त्यात दुसरं ऐकून गोंधळू नका.

आता माझी युक्ती, किंवा त्या पहिल्या दिवसाची शिकवण. पूर्ण रस्ता विचारूच नका. नवख्याला तीन वळणांपलीकडचं लक्षात राहत नाही. पहिली दोन वळणं ऐका, मग हात जरासा वर करून स्वतःच परत म्हणा: ‘आल्लोरा, सेंप्रे द्रीत्तो, पोई आ देस्त्रा?’ म्हणजे ‘मग सरळ, नंतर उजवीकडे?’ समोरचा ‘सी, सी, एझात्तो’ म्हणेल किंवा दुरुस्त करेल. पुढचं पुढच्या कोपऱ्यावर विचारा.

कळलं नाही तर ‘प्यू पियानो, पेर फावोरे’, जरा हळू. ‘पियानो’ म्हणजे हळू, आणि मजलाही. ‘ए लोन्तानो?’ म्हणजे लांब आहे का? ‘आ प्येदी?’ म्हणजे चालत? चालत किती मिनिटं ते सांगतील, पण त्यांची दहा मिनिटं बॅगेसह तुमची वीस असतात.

एक उत्तर मात्र आधीच शिकून ठेवा: ‘नोन सोनो दी क्वी.’ मला त्यात फक्त ‘क्वी’, म्हणजे ‘इथे’, ऐकू आलं. ‘इथेच आहे’ असं समजून मी त्या बाईंच्या शेजारी उभी राहून दारं शोधू लागले. त्या म्हणाल्या होत्या, ‘मी इथली नाही.’

६. स्टेशनावर

‘दा के बिनारिओ पार्ते इल त्रेनो पेर फिरेन्त्से?’ फ्लोरेन्सची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते? फलाट म्हणजे ‘बिनारिओ’, आणि फ्लोरेन्स म्हणजे ‘फिरेन्त्से’. शहरांची नावं त्यांच्याच भाषेत शिका: वेनेत्सिआ, तोरीनो, नापोली, जेनोवा. फलकावर ‘मोनाको’ दिसलं तर ते बहुतेक वेळा जर्मनीतलं म्युनिक असतं.

फलाटाचा नंबर शेवटपर्यंत ऐका. बोलोन्यात नुसत्या नंबराच्या फलाटांखेरीज ‘ओवेस्त’ म्हणजे पश्चिम आणि ‘एस्त’ म्हणजे पूर्व असे वेगळे फलाट आहेत, आणि वेगवान गाड्यांचे १६ ते १९ हे फलाट जमिनीखाली आहेत. ‘ऊनो ओवेस्त’, म्हणजे एक पश्चिम, ऐकून ‘ऊनो’वर धावलात तर गाडी गेलीच समजा. माझी गेली. त्याच स्टेशनाच्या भिंतीवर १०:२५ ला थांबलेलं घड्याळ दिसेल. ते बंद पडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० च्या बॉम्बस्फोटात ८५ माणसं गेली, त्यांच्या आठवणीत ती वेळ तशीच ठेवली आहे. त्याखाली भेटायचं ठरवा, वेळ मात्र दुसरीकडे पाहा.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड. म्हणून विचारा: ‘दोवे सी तिंब्रा?’ शिक्का कुठे मारायचा?

व्हेनिसला जाताना दोन स्टेशनं लागतात. मेस्त्रे जमिनीवर आहे, सांता लुचीआ पाण्यातल्या खऱ्या व्हेनिसमध्ये. मेस्त्रेला उतरून ‘कालवे कुठे आहेत’ विचारणारे पुष्कळ असतात. आत गेल्यावर घराचे नंबर रस्त्यानुसार नसून शहराच्या सहा विभागांनुसार, ज्यांना ‘सेस्तिएरे’ म्हणतात, हजारांत चढत जातात. त्यामुळे नंबर विचारून उपयोग नाही. जवळचं चर्च, पूल किंवा ‘कांपो’ म्हणजे चौक विचारा. ‘प्यात्सा’ तिथे एकच, सान मार्को. भिंतींवर रिआल्तो (तिथला प्रसिद्ध पूल) आणि सान मार्कोकडे नेणाऱ्या पिवळ्या पाट्या असतात, त्या धरून चाला.

फ्लोरेन्सची खोड वेगळी. जुन्या भागात एकाच रस्त्यावर लाल नंबर दुकानांचे आणि काळे-निळे घरांचे, आपापल्या क्रमाने. पत्त्यात आकड्यापुढे आर असेल तर तो ‘रोस्सो’, लाल. १५ नंबरसमोर उभे राहून ‘इथे तर हॉटेल नाही’ म्हणण्याआधी रंग बघा.

७. दारांशी

‘दोवे इल बान्यो?’ हे वाक्य सगळ्यांना येतं. पुढचा सापळा दारावर आहे. ‘ऊओमीनी’ पुरुष, ‘दोन्ने’ स्त्रिया, इथवर ठीक. काही ठिकाणी ‘सिन्योरी’ आणि ‘सिन्योरे’ असतं. ‘सिन्योरे’ म्हणजे ‘महाशय’ हे शिकलेला पुरुष बिनधास्त त्या दारातून आत जातो. पण दारावर ते ‘सिन्योरा’चं अनेकवचन असतं, म्हणजे बायकांचं. पुरुषांनी ‘सिन्योरी’ शोधायचं. स्टेशनांवर पैसे पडू शकतात, त्यासाठीच ती नाणी. बारमध्ये मात्र आधी कॉफी घ्या, काउंटरवर उभ्याने प्यायलात तर साधारण सव्वा-दीड युरो, आणि मग विचारा.

कुणाच्या घरी जायचं असेल तर फ्लॅट नंबर विचारून गेलात तरी खाली अडकाल. इमारतीच्या दाराशी ‘चितोफोनो’, म्हणजे इंटरकॉम, असतो आणि त्यावर नंबर नसतात, आडनावं असतात. बऱ्याचदा जुन्या भाडेकरूचीच. आधीच विचारून ठेवा: ‘के कोन्योमे चे सुल चितोफोनो?’ चितोफोनोवर आडनाव कुठलं आहे? मजले मोजायची पद्धत आपल्यासारखीच: ‘पियानो तेर्रा’ तळमजला, त्यावर पहिला.

पेर्मेस्सो दी सोज्जोर्नोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोहोचल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत करायचा असतो. म्हणून ही दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात लागतील: ‘चे उन उफ्फीचो पोस्ताले क्वी वीचीनो?’ (पोस्ट ऑफिस) आणि ‘चे ऊना ताबाक्केरीआ क्वी वीचीनो?’ दुसरं म्हणजे तंबाखूचं दुकान, टी अक्षराच्या पाटीचं. नाव ऐकून नाक मुरडू नका. बसची तिकिटं तिथे मिळतात आणि अर्जाला लागणारा १६ युरोचा स्टँप, ‘मार्का दा बोल्लो’, तोही तिथेच.

आणि ‘लिब्रेरीआ’ म्हणजे लायब्ररी नाही, पुस्तकांचं दुकान. लायब्ररी म्हणजे ‘बिब्लिओतेका’.

८. दुकानात

इथे ‘दोवे’ऐवजी ‘दोवे त्रोवो’, म्हणजे ‘कुठे सापडेल’, जास्त शोभतं. तुमचं पहिलं वाक्य मी देते, कारण तिसऱ्या आठवड्यात ते लागणारच आहे: ‘स्कूझी, दोवे त्रोवो ला फारीना दी चेची?’ फारीना दी चेची म्हणजे हरभऱ्याचं पीठ, आपलं बेसन. ते इटालियन दुकानांत मिळतं, भारतीय दुकान शोधत शहराच्या टोकाला जायची गरज नाही.

मी विचारलं तेव्हा उत्तर आलं: ‘इन फोन्दो आ सिनीस्त्रा, आक्कान्तो आल रीझो.’ शेवटी, डावीकडे, तांदळाशेजारी. चारही शब्द कळले! ऐटीत गेले, तर फळी रिकामी. परत आले तेव्हा बाई म्हणाल्या, ‘आ, ए फिनीता. लुनेदी.’ संपलंय, सोमवारी.

पिठलं सोमवारी झालं.